मिलिंदने नारळाचं पाणी ओतू दिलं तो दिवस

मिलिंद माणूस सोन्यासारखा होता, पण चारचौघांत न्यायच्या लायकीचा नव्हता.

आज त्याला जाऊन वर्ष झालं.

कुणाला भेटायला दवाखान्यात गेला की आधी मशीनच्या मागं जाऊन बघायचा. माझ्या वडिलांना ऑक्सिजन लावला होता तेव्हा हा पलंगाखाली. मी चिडलो तर म्हणाला, "काकाला बघितलं बे, बरे हायेत. हे कावून वाजतंय ते बघू दे."

पुण्यात मेडिकल मशीन बनवणाऱ्या कंपनीत चांगल्या पगारावर होता. ते सोडून अंबाजोगाईला परत आला. म्हणे, अ‍ॅक्सिलरेटर काढायचा.

म्हणजे काय, तर ज्या पोरापोरींनी दवाखान्यासाठी काही नवीन बनवलंय त्यांना जागा द्यायची, अवजारं द्यायची, डॉक्टर गाठून द्यायचे आणि त्यांची कंपनी लवकर पायावर उभी करायची. मी लहान मुलांचा डॉक्टर, त्याचा शाळेपासूनचा मित्र. मग मला कोण सोडतंय?

"पण इथं कावून?" सगळ्यांनी विचारलं. तो नुसता हसायचा.

लाँचच्या दिवशी पुण्याहून पाहुणे आले. पैसा त्यांचा. सेंटर इथं ठेवायचं की पुण्याला न्यायचं, ते त्या दिवशी बघून ठरवणार होते. मिलिंदचा सगळा जीव त्यात.

स्टेजवर अश्विनीची डबी ठेवली होती. अश्विनी आमची पहिली फाउंडर, परळीची. बाळाच्या पायाला पट्टा बांधायचा, ऑक्सिजन कमी पडला की डबी ओरडणार.

उद्घाटनाला एक स्थानिक नेते होते. त्यांच्या कार्यकर्त्याने नारळ फोडला आणि नव्या ट्रॅक्टरवर शिंपडतात तसं सगळं पाणी भक्तिभावाने डबीवर ओतलं.

मिलिंद शेजारीच. त्यांचं बौद्ध घर, नारळ फोडायची पद्धतच नाही. मला वाटलं, हा हात धरेल.

हा मान वाकडी करून बघत राहिला.

डबी एकदा किंचाळली आणि बंद पडली.

अश्विनीला रडू फुटलं. पाहुण्यांतल्या एक मॅडम थंडपणे म्हणाल्या, "पुण्यात असं झालं नसतं."

"तेच तर, मॅडम." मिलिंदने खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला आणि स्टेजवरच मांडी घातली. "पुण्यात हे कळलंच नसतं. उद्या ही डबी धर्मापुरीच्या दवाखान्यात गेली की पहिल्या दिवशी हेच होणार. पूजेबिगर मशीन कोण चालू करतंय आमच्याकडं? हे बघा, पाणी बटणापासून आत गेलंय."

मग काय! मॅडम, नेते, सगळे वाकून डबीत बघायला लागले. कार्यकर्ता म्हणाला, "मायला, आत एवढंसंच हाय व्हय?"

नंतर चहा पिताना मी विचारलं, "तू मुद्दाम अडवलं न्हाईस ना?"

"अडवणार होतो रे. मग वाटलं, बघू तरी."

लई राग आला होता मला. सगळं हातचं गेलं असतं म्हणजे?

सेंटर इथंच राहिलं. अश्विनीने पाणी शिरणार नाही अशी डबी नव्याने बांधली. मिलिंदचं पोट मात्र दुखायला लागलं होतं, आणि स्वतःच्या आत काय चाललंय ते बघायला त्याने फार उशीर केला.

पुण्याच्या हॉस्पिटलमधून त्याचा शेवटचा फोन आला, त्याच दिवशी डबी पहिल्यांदा खऱ्या बाळाला लावली होती. रीतसर परवानग्या काढून, मोठ्या मॉनिटरच्या जोडीला. आई चौसाळ्याची, बाळ दिवस भरायच्या जरा आधी झालेलं.

आवाज पार खोल गेला होता त्याचा.

"बाळ कसं हाय?"

"झोपलंय. तू कसा आहेस?"

"माझं सोड. ऑक्सिजन किती ते सांग बे."

सांगितला.

"आणि मोठ्या मॉनिटरवर?"

"तेवढाच."

मग म्हणाला, "फोन बाळाजवळ धर जरा."

धरला. तिकडं त्याला काय ऐकू आलं कोण जाणे.

गेल्या आठवड्यात ते बाळ लसीसाठी आलं होतं. आईचं बोट सोडून डुलत डुलत माझ्या टेबलापर्यंत आलं. मी जरा वेळ आत जाऊन बसलो. पेशंट खोळंबले.

मिल्या, तू सगळं विचारलंस. मुलगा की मुलगी, तेवढं विचारलं नाहीस.

पोरगी आहे. चालायला लागली.

अखेरचा जय भीम, दोस्ता.