सुधाकरच्या डब्याचं झाकण

सुधाकर गेल्याचा वहिनींचा इस्पितळातून फोन आला तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं, ते लिहायला लाज वाटते, पण लिहितोच. चलो, यंदा पहिला नंबर माझा! ... रडू त्यानंतर आलं, आणि मग आवरेना.

खमरियाच्या फॅक्टरी क्वार्टर्समधला आमचा वीस वर्षांचा शेजार. डिजिटल कॅमेरेही आम्ही एकाच दिवशी, एकाच दुकानातून, एकाच मॉडेलचे घेतले, त्यामुळे दोष यंत्रावर ढकलायची सोय नव्हती. त्याच्या दारातल्या आंब्यावर उन्हाळ्यात रास्ना फुलायची. हे आपल्याकडचं ऑर्किड. मी मात्र तिला वर्षानुवर्षं बांडगूळ समजत होतो. माझ्या फोटोत फ्लॅशनं भाजलेला पांढरा गोळा यायचा. त्याच्या फोटोत तपकिरी पाकळ्यांवरची जाळी, मधली जांभळी जीभ, सगळं मोजून घ्यावं असं. युक्ती काय, तर फॅक्टरीत न्यायच्या डब्याचं स्टीलचं झाकण! फ्लॅश बंद करायचा, झाकण तिरकं धरायचं आणि सकाळचं ऊन फुलाच्या खालच्या अंगाला सोडायचं. मी दुसऱ्याच दिवशी त्याच्यापेक्षा मोठं झाकण आणलं. उजेड पडला, तो माझ्याच डोळ्यांत.

"काहून घाई करून राहिले, नंदूभैया?" तो हसायचा. "वारं थांबू द्या. फुलाला कुठं ड्यूटीवर जायचंय?"

कॉलनीच्या फोटो-प्रदर्शनात दर वर्षी पहिला तो, दुसरा मी. तिसरं कोणी भाग घेत नसे, हेही सांगून टाकतो. गेल्या वर्षी रास्नेला एकच तुरा आला आणि माझी बुद्धी फिरली. सकाळी सहाला स्टूल घेऊन गेलो, माझे फोटो काढले आणि तुरा मोडून पिशवीत टाकला. थोड्या वेळानं सुधाकर झाकण घेऊन बाहेर आला. त्यानं फांदीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"रात्री वारं फार होतं, भैया," एवढंच म्हणाला.

त्या वर्षी पहिला मी आलो. सगळ्यात जोरात टाळ्या त्यानंच वाजवल्या.

तेराव्यानंतर वहिनींनी त्याच्या कॅमेऱ्याचं कार्ड माझ्या हाती दिलं. "भाऊजी, एक चांगला निवडा, बैठकीत लावू." मी एकेक फोटो पाहत गेलो... आणि तो समोर आला. स्वयंपाकघराच्या खिडकीतून काढलेला. स्टुलावर मी, हातात मोडलेला तुरा, चोराच्या गालावर कोवळं ऊन. एक पान हललेलं नव्हतं. पाकळीन् पाकळी मोजून घ्यावी अशी.

मी वहिनींना सगळं कबूल केलं.

"ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "मीच त्यांना हाक मारली होती, पाहा, भाऊजी काय करून राहिले!"

भिंतीसाठी मी तोच निवडला. दुसरा इतका चांगला नव्हता, काय करणार! झाकण वहिनींनी मला दिलंय. यंदा तीन तुरे आलेत. रोज सकाळी झाकण धरून झाडाखाली उभा राहतो, वारं थांबायची वाट पाहतो... आणि ते थांबलं की नकळत त्या खिडकीकडे वळून बघतो.