तिसऱ्यांदा विचारायचं राहिलं

बेहरूझ गेल्याचं कळलं तेव्हा मी दुबईत डिस्कव्हरी गार्डन्समधल्या आमच्या इमारतीखाली गाडीतून किराणा उतरवत होतो. रविवारची सकाळ होती. फोन त्याच्या भाचीचा, नसरीनचा. ती अल ऐनला विद्यापीठात शिकवते. हॉस्पिटलच्या फेऱ्या सुरू झाल्यापासून तो तिच्याकडेच राहत होता. मामा पहाटे गेले, एवढंच ती म्हणाली. मी "बरं" म्हणालो आणि तांदळाची पिशवी खांद्यावर घेऊन लिफ्टपाशी उभा राहिलो. लिफ्ट दोनदा येऊन गेली. त्याला आता पाच आठवडे झाले.

बेहरूझ इराणी सिनेनिर्माता होता. निर्माता म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पांढरे बूट आणि सोन्याची साखळी येते. हा गृहस्थ एका जुनाट टोयोटातून फिरायचा आणि मागच्या सीटवर थर्मास, साखरेचे खडे आणि चार छत्र्या घेऊन हिंडायचा. कुठल्याही बड्या कंपनीचा हात डोक्यावर नसताना त्याने सात फिल्म्स उभ्या केल्या, सातही नवख्या दिग्दर्शकांच्या पहिल्यावहिल्या. त्याचं नाव पडद्यावर यायचं ते शेवटी, लोक खुर्च्यांमधून उठून चपला शोधत असताना. त्यातल्या एका फिल्ममुळे त्याला आपल्या गावी, शिराझला, परत जाणं अवघड होऊन बसलं. नेमकं काय झालं ते त्याने कधी सांगितलं नाही आणि मीही खोदून विचारलं नाही. फिल्म्स देशोदेशी गेल्या. तो मात्र दुबईतच राहिला, तिकडे आई गेली तेव्हासुद्धा.

मी शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात गाड्यांच्या सुट्या भागांचं गोडाउन सांभाळतो. नऊ वर्षांपूर्वी तो तिथे आला आणि एका शुक्रवारी शूटिंगसाठी गोडाउन मागू लागला. मी नाही म्हणालो. त्याने स्वतःच्या थर्मासातला चहा मला पाजला, बायकोमुलीची चौकशी केली आणि पुन्हा विचारलं. मी पुन्हा नाही म्हणालो. निघताना दारात वळून त्याने तिसऱ्यांदा विचारलं आणि मी हो म्हणून बसलो. भीड भिकेची बहीण म्हणतात ते खोटं नाही. मालकाला कसं पटवलं ते माझं मला माहीत.

शूटिंगच्या दिवशी शेजारच्या गॅरेजात पत्रे ठोकणं चालू होतं. दिग्दर्शिका जेमतेम पंचविशीची, रडकुंडीला आलेली. बेहरूझ थर्मास काखेत मारून गॅरेजात गेला. थोड्या वेळाने ठोकाठोक थांबली, मग समोरचं वेल्डिंग थांबलं, मग त्याच्या पलीकडचा कॉम्प्रेसर. ती गल्ली इतकी गप्प मी त्यापूर्वी कधी ऐकली नव्हती. चार मिनिटांचा शॉट झाला. फिल्ममध्ये माझं गोडाउन म्हणजे शिराझमधला कारखाना होता. बेहरूझ सबंध वेळ भिंतीला टेकून उभा होता. नंतर आपल्या मोडक्या हिंदीत मला म्हणाला, "सतीश जान, चार मिनट मैं घर में था."

मी त्याला चहा ओतून दिला.

पुढे घरी येणंजाणं सुरू झालं. त्याच्याकडे आईने पाठवलेले चहाचे दोन काचेचे पेले होते, कमरेत बारीक, काठाला निळी रेघ. मी एकाचं कौतुक केलं. घेऊन जा, तुझाच आहे, तो म्हणाला. मी एकदा नको म्हणालो. त्याने पुन्हा आग्रह केल्यावर मी खुशाल पेला कागदात गुंडाळला आणि घरी आणला! पुढच्या भेटीत नसरीनने हसत हसत सांगितलं की इराण्यांमध्ये याला तारोफ म्हणतात. पहिल्या दोन वेळा बोलतात ती रीत, तिसऱ्या वेळी बोलतील ते खरं. माझ्या बायकोने, मेधाने, कपाळावर हात मारून घेतला. आपल्या पंगतीत तरी वेगळं काय असतं, नको नको म्हणतच जिलबी घेतात ना, असं तिने मला ऐकवलं. मुलगी म्हणाली, "बाबा, यू बेसिकली स्टोल इट." मी पेला परत न्यायला गेलो तर बेहरूझ घेईना. तीनदा विनवल्यावर घेतला. त्यानंतर कोणालाही काही विचारायचं असलं की तो मला डोळा मारायचा आणि तीन बोटं दाखवायचा.

शेवटचं बोलणं गुरुवारी झालं, फोनवर. मी म्हणालो, उद्या सुट्टी आहे, येतो. तो म्हणाला, नको, लांब आहे, ऊन आहे. मी म्हणालो, दीड तासाचा रस्ता, त्यात काय. "नहीं सतीश जान, तुम आराम करो." आणि मी म्हणालो, "खलास, फिर अगले फ्रायडे, इन्शाल्ला." तोही इन्शाल्ला म्हणाला. त्याचा आवाज दमलेला होता, त्याला विश्रांती हवी असेल, असं मी मेधाला सांगितलं. खरं सांगायचं तर मलाच दुपारची झोप हवी होती. शुक्रवारी मी एसी लावून चार वाजेपर्यंत झोपलो.

तो गेल्यावर अल ऐनला गेलो. खिडकीपाशी त्याची खुर्ची होती, शेजारच्या लहान टेबलावर ते दोन पेले आणि साखरेची वाटी. नसरीनने सहज सांगितलं की गुरुवारी संध्याकाळी मामांनी दोन्ही पेले काढायला लावले, स्वतः पुसले. कोणी येणार आहे का विचारलं तर म्हणाले, सतीशचा फोन येईल. शुक्रवारी दिवसभर त्यांनी ते उचलू दिले नाहीत. त्यांना अलीकडे काही काही भास व्हायचे, ती म्हणाली. गुरुवारच्या फोनचं मी तिला काही सांगितलं नाही.

निघताना तिने एक पेला माझ्यापुढे धरला. मी नको म्हणालो. तिने पुन्हा धरला, मी पुन्हा नको म्हणालो. तिसऱ्यांदा घेतला.

आता शुक्रवारी दुपारी मी झोपत नाही. मेधा चहा करते, मी त्या पेल्यात ओतून गॅलरीत बसतो. फोनमध्ये त्याचा नंबर अजून आहे. तिसऱ्यांदा विचारलं असतं तर तो काय म्हणाला असता, ते मला पक्कं ठाऊक आहे.