मांडीवरचा बेस

मी चौथीपर्यंतच शिकलो, तेही लिंबाखालच्या शाळेत. पण आमच्या मुखेडच्या मन्मथचा किस्सा सांगावा तर मीच. त्याच्या पिठाच्या गिरणीत पोत्यावर बसून मी तो सगळा डोळ्यांनी बघितलाय.

मन्मथ पंचेचाळिशीचा. दिवसभर गिरणी, आणि लग्नसराईत शिवमूर्तीच्या ऑर्केस्ट्रात बेंजो. मांडीवर आडवा ठेवून बटणं दाबत वाजवायचा तो बेंजो. वीस वर्षं वाजवला. यंदा शिवमूर्तीनं सांगून टाकलं, "मन्मथप्पा, तुझं काम आता कीबोर्ड करून राहिला. आपला बेसवाला पुण्याला गेला. पंधरा दिवसांत बेस गिटार शीक, न्हाई तर मी दुसरा माणूस बघतो."

गिटार आली, सोबत चार गाण्यांचे कागद. शिकवायला कुणी नाही. कागदावर सारेगम नव्हतं. नुसत्या चार आडव्या रेघा आणि त्यांवर आकडे. रेघ म्हणजे तार. आकडा म्हणजे गिटारीच्या दांडीवरच्या कितव्या घरात ती तार बोटानं दाबायची. शून्य असलं की तार मोकळी. सगळ्यात खालची रेघ जाड तारेची. एवढं त्यानं मोबाईलवर वाचून काढलं आणि मलाही समजावलं. मला लई मजा वाटली. म्हणलं, हे तर पाढेच झाले की!

मजा माझी एकट्याची. तो पार दमलेला असायचा. दुपारी लाईट गेली, गिरणीचा पट्टा थांबला, की हात धुऊन गिटार घ्यायचा. बोटांना फोड, फोडांत पीठ. "आबा, पुढचा आकडा सांगा," म्हणायचा. मी चष्मा लावून वाचायचो, "खालची रेघ, तीन. परत तीन. तिच्यावरची, शून्य." शून्यापर्यंत पोचेतो गडी बसल्या बसल्या घोरायला लागलेला.

पण चौदाव्या दिवशी चारही गाणी बसली.

पंधराव्या दिवशी शिवमूर्ती गिरणीत आला. मन्मथनं मांडी घालून दोन गाणी वाजवली. शिवमूर्तीची मान डोलायला लागली. "जमलं रे! आता पट्टा गळ्यात घालून उभं राहून वाजव."

मन्मथ उभा राहिला आणि त्याचा हातच थांबला. झालं होतं असं, की बेंजोच्या सवयीनं त्यानं गिटारही मांडीवर आडवी घेतली होती. जाड तार पोटाकडे, बारीक तार पलीकडे. कागदावरही तसंच, जाड खाली, बारीक वर. बरोब्बर जुळलेलं! उभं राहिल्यावर जाड तार गेली वर, हनुवटीकडे. वरून दाबणारी बोटं आता खालून आणायची. सगळं उलटं. आणि मी शहाणा पंधरा दिवस शेजारी बसून शाबासकी देत होतो.

"अरे, स्टेजवर मांडी घालून बसलास तर लोक म्हणतील पंगत सुरू झाली!" शिवमूर्ती ओरडला.

मन्मथनं पट्टा काढला आणि शिवमूर्तीला म्हणाला, "मामा, परत शिकायचा जीव न्हाई माझ्यात. मांडीवर वाजवतो, न्हाई तर गिटार घेऊन जावा."

मी मध्ये तोंड घातलंच. "शिवमूर्ती, दिसायला तुझे गाणारे हायत की. याचं नुसतं ऐकायचं हाय."

उमरी गावचं लग्न दोन दिवसांवर आलेलं. शिवमूर्तीनं डोकं खाजवलं. "स्पीकरच्या मागं बसशील? कुणाला दिसणार न्हाईस बघ."

"बसतो," मन्मथ म्हणाला. मला वाटलं, त्याला वाईट वाटेल. तो तर हुश्श करून आधी खाली बसला.

उमरीला मी हौसेनं गेलो. पुढं वऱ्हाड नाचत होतं, फोटोवाला गाणाऱ्यांभोवती फिरत होता. मागं तो काही आला नाही. दोन मोठ्या स्पीकरांच्या आडोशाला चादर टाकून मन्मथ वाजवत होता, डोळे मिटून, एकही चूक न करता.

दोन गाण्यांच्या मध्ये मी विचारलं, "दमलास का रे?"

"हाव आबा. उद्या लोह्याला लग्न हाय." मग जरा थांबून म्हणाला, "पाठ लई दुखून राहिली. टेकू देता का?"

मी त्याच्या पाठीला पाठ लावून बसलो. गाणं सुरू झालं, आणि त्याची जाड तार माझ्या बरगड्यांत वाजायला लागली.