डिकीत तांदूळ, पुढे सासूबाई

मला गिअर टाकायला आवडतं. हे वाक्य बाईच्या तोंडून आलं की लोक जरा थांबून माझ्याकडे बघतात, म्हणून आधीच सांगून टाकते. मी रोज नागपूरहून बुटीबोरीला जाते. तिथल्या एका कापड कारखान्यात तयार कापड तपासायचं माझं काम. वर्धा रोडवर खापरी मागे पडली की रस्ता जरा मोकळा होतो, मग तिसरा, चौथा, पाचवा. घरी स्वयंपाक वाट बघतो, कारखान्यात साहेब वाट बघतात, पण मधला रस्ता माझा एकटीचा असतो. त्या रस्त्यावर डावा हात आणि डावा पाय मोकळा ठेवून नुसतं बसून राहायचं माझ्या जिवावर येतं.

आमच्या जुन्या छोट्या गाडीने मागच्या उन्हाळ्यात मान टाकली. मेकॅनिकने हात जोडले आणि नवी गाडी घेणं भाग पडलं. माझं ठरलेलं होतं. सेडान हवी, गिअर हाताने टाकायचे, इंजिनात दम हवा, बसायला खाली, वळणावर रस्त्याला चिकटून चालणारी आणि तरीही घरच्या कामाची. अशा गाड्या आता बोटावर मोजण्याइतक्या उरल्या आहेत. सगळं जग उंच गाड्यांमध्ये चढून बसलंय आणि क्लचला विसरलंय. एका शोरूमचा सेल्समन तर मला म्हणाला, "मॅडम, आता हे कोण घेतं?" मी म्हटलं, "मी घेते. समोरच बसलेय."

नवऱ्याला उंच गाडी हवी होती. तो स्वतः मेट्रोने ऑफिसला जातो, गाडी चालवतो ती लग्नकार्यापुरती, पण मतं भरपूर. सासऱ्यांनी त्याचीच री ओढली. ते उमरेडच्या विणकर घरातले. माग बंद पडले तेव्हा सरकारी कचेरीत लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. "उंच गाडीले रस्त्यावर लोकं साइड देते गा," असं ते मुलाला सांगत. मला थेट सांगत नसत, कारण मी उत्तर देते हे त्यांना ठाऊक आहे.

आणि सासूबाईंना गाडी लागायची. थोडीथोडकी नाही. गाडीत बसायच्या आदल्या दिवसापासून त्यांचं जेवण कमी व्हायचं. निघताना हातात लिंबू, कमरेला ओव्याची पुडी, मांडीवर प्लास्टिकची पिशवी. कामठी येईपर्यंत डोळे मिटलेले, कन्हानच्या पुलावर पिशवी भरलेली. वरात निघाली तेव्हापासून हे असंच चाललंय, असं सासरे हसत सांगायचे. "लुगड्याची घडी तरी मजबूत, हिचं पोट नाई," हा त्यांचा नेहमीचा विनोद. त्यावर सगळे हसत, सासूबाईही हसत.

पण या खेपेला हसण्यासारखं काही नव्हतं. त्यांची थोरली बहीण रामटेकला असते. तिच्या घरचं धानाचं शेत आहे, आमचा वर्षाचा तांदूळ तिथूनच येतो. ती मोरीत घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. आता वॉकर धरून अंगणापर्यंत येते, त्यापुढे नाही. पूर्वी तीच नागपूरला यायची, म्हणून बहिणींची भेट व्हायची. आता तिला येणं शक्य नव्हतं आणि हिला जाणं झेपत नव्हतं. एकदा बसने जाऊन आल्या तर येऊन आजारीच पडल्या. दोघी रोज सकाळी फोनवर बोलत. एक दिवस स्पीकरवर मी ऐकलं. बहीण म्हणाली, "आता तूच ये वं. मी काही येत नाई. फोनवर तोंड दिसत नाई तुयं." सासूबाई "येतो, येतो" म्हणाल्या आणि फोन ठेवून बराच वेळ भाजी निवडत बसल्या. निवडलेलीच भाजी पुन्हा निवडत होत्या.

त्यामुळे नवऱ्याला मुद्दा सापडला. म्हणाला, मोठ्या गाडीत आईला लागणार नाही. मी म्हटलं, कशावरून? यावर सासूबाई पहिल्यांदा मध्ये बोलल्या. "भांडू नका. मले घेऊन चला. ज्या गाडीत मले लागली ते गाडी बाद." इतकी सरळ, इतकी निर्दय परीक्षा मी आयुष्यात दुसरी पाहिली नाही. स्वतःची उलटी मापाला लावणारी बाई! मी मनातल्या मनात त्यांना हात जोडले.

मग आमची वरात शोरूममधून शोरूममध्ये फिरू लागली. चालवायला मी किंवा नवरा, पुढे सासरे, मागे सासूबाई आणि त्यांच्या शेजारी सेल्समन. बिचाऱ्याला आधी कल्पना नसायची. तो सनरूफ दाखवत असायचा आणि सासूबाई पिशवीचं तोंड उघडत असायच्या. पहिली उंच गाडी रिंग रोडच्या दुसऱ्या चौकातच बाद झाली. दुसरी त्याहून उंच, ऑटोमॅटिक. ती प्रत्येक सिग्नलवर अशी काही डुलली की मलाही मळमळलं. नवऱ्याचं तोंड उतरलं. मी आनंद लपवला, पण फार नाही.

तिसरी माझी होती. दिसायला साधी, राखाडी रंगाची, शेजारच्या उंच गाड्यांपुढे धाकट्या बहिणीसारखी उभी. सेल्समनने किल्ली नवऱ्यापुढे धरली, ती मी घेतली. क्लच हलका, पण नेमका कुठे पकडतो ते पायाला लगेच कळत होतं. गिअर असा बसायचा की डब्याचं झाकण बसावं. उड्डाणपुलाच्या वळणावर मी वेग कमी केला नाही आणि गाडीने हूं का चूं केलं नाही. दुसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला तेव्हा इंजिनने असा दम लावला की मी मोठ्याने हसले. इतकी वर्षं गाडी चालवतेय, पण गाडीने मला हसवलं असं तेव्हाच झालं. तेवढ्यात मागून ओळखीचा आवाज आला. सासूबाईंची पिशवी भरली होती.

गाडी बाद. नियम नियम असतो. घरी येऊन मी भांडी जरा जोरात आपटली. रागही आला, कुणावर ते कळेना. सासूबाई दारात येऊन म्हणाल्या, "मले माफ कर वं. तुले आवडली होती ना ते." आता यावर कसलं रागावणार? त्यांचा चेहरा माझ्यापेक्षा उतरला होता. गाडी माझी गेली होती, पण बहिणीची भेट त्यांची राहिली होती.

तरी मी हट्टी आहे. आणखी एकदा चालवून बघू म्हणून मी नवऱ्याच्या मागे लागले. तो म्हणाला, "आईचं सोड, या गाडीत मावशीकडचा तांदूळ तरी मावेल का? आणि मागं पाय कुठं ठेवायचे? बाबांचे गुडघे टेकतील." मी म्हटलं, तांदूळ घेऊनच जाऊ. घरात दोन पोती होती, तीच उचलून शोरूमला नेली. सेल्समनने आजवर लग्नाच्या साड्या, लहान मुलं, कुत्रासुद्धा टेस्ट ड्राइव्हला आलेला पाहिला असेल, चिन्नोर तांदळाची पोती पाहिली नसावीत. दोन्ही पोती डिकीत सहज बसली आणि वर एका पिशवीची जागा उरली. गाडी मागून जराशी खाली गेली, बस. मग नवरा हट्टाने मागे बसला, पाय किती अडकतात ते दाखवायला. सासरेही गुडघे दाखवायला मागेच शिरले. सेल्समनला कंपनीच्या नियमाने यावंच लागणार होतं, तोही त्यांच्यामध्ये अंग चोरून बसला. तीन पुरुष मागे गच्च झाले आणि सासूबाई पिशवी घेऊन बाहेर उभ्या राहिल्या.

"आई, बसा ना पुढे," मी म्हटलं.

"पुढं? मी?"

त्यांनी आधी सासऱ्यांकडे बघितलं. सासरे आपल्या गुडघ्यांत अडकले होते. सासूबाई पदर सावरून बसल्या. पट्टा कसा लावायचा ते त्यांना माहीत नव्हतं, मी लावून दिला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की या बाईला मी गाडीच्या पुढच्या सीटवर कधीच पाहिलेलं नाही. वरातीत मागे, मधोमध, डोक्यावरून पदर, समोर पुरुषांच्या पाठी. त्यानंतर कायम तसंच. कुणी मनाई केली नव्हती. पुढे बाबा बसतात, इतकंच. माझ्या गाडीतही मी त्यांना मागे उशी देऊन "आरामात बसा" म्हणायची आणि आपण किती गुणी सून आहोत असं वाटायचं.

वर्धा रोडला लागलो. सासूबाईंनी डोळे मिटले नाहीत. समोर रस्ता होता, तो त्या बघत राहिल्या. मेट्रोचे खांब, ट्रकच्या पाठी, दूरवर वळण दिसायचं, मग आपण त्या वळणावर पोचायचो. हे त्यांना नवं होतं. आजवर वळण त्यांच्या पोटाला आधी कळायचं, डोळ्यांना नाही. थोड्या वेळाने त्या माझ्या डाव्या हाताकडे बघू लागल्या.

"हे काय करून राहिली वं तू घडीघडी?"

"गिअर बदलतेय आई. इंजिनचा आवाज चढला की पुढचा टाकायचा."

त्या कान देऊन ऐकू लागल्या. पुढच्या सिग्नलवरून निघालो, मी वेग घेतला, आणि शेजारून आवाज आला, "टाक आता." मी टाकला. बरोब्बर वेळ होती. "टाक," पुन्हा. लग्नानंतर कित्येक वर्षं त्यांनी मागासाठी सुताच्या कांड्या भरल्या होत्या, घरात चार माग चालत. आवाज कधी चढतो हे त्यांना शिकवायची गरज नव्हती. खापरी गेली, पुढचा टोलनाका दिसू लागला, मी गाडी वळवायला घेतली तर म्हणाल्या, "काहून वळवून राहिली? जाऊ दे ना आणखी." पिशवी मांडीवर होती, घडी न मोडलेली.

तेवढ्यात मागून सासऱ्यांचा बारीक आवाज आला, "जरा थांबव बाई. मले गरगरून राहिलं."

मी गाडी बाजूला घेतली. सासूबाईंनी न वळता, आरशात बघत, आपली पिशवी मागे दिली. सासऱ्यांनी ती वापरली नाही, पण धरून बसले. परतीच्या रस्त्यावर गुडघ्यांविषयी कुणी अवाक्षर काढलं नाही.

गाडी आली. वर्धा रोडच्या गर्दीत डावा पाय भरून येतो हे खरं आहे, नवरा त्याची मला अधूनमधून आठवण करून देतो. पण सकाळी खापरीपुढे ती जशी पळते, त्यापुढे पायाचं दुखणं मी सोसते. डिकीत भाजी, सिलिंडर, गिरणीचं दळण सगळं मावतं आणि ॲव्हरेजही वाईट नाही. मी तिच्या प्रेमात आहे, त्यात लाजायचं काय?

पहिल्या रविवारी रामटेक. सासरे आपण होऊन मागे बसले आणि खिडकी उघडली. कन्हानच्या पुलावर मी सासूबाईंकडे चोरून बघितलं. त्या नदी बघत होत्या. "इतकं पानी असते का हिले?" म्हणाल्या. मनसरच्या फाट्यावर वळलो तशी गडावरची पांढरी देवळं दिसली. त्यांनी पदराने डोळे पुसले आणि मला म्हणाल्या, "रस्त्यावर पाह्य."

बहीण वॉकर धरून अंगणात उभी होती. दोघी एकमेकींचं तोंड चाचपत राहिल्या. नुसत्या गालांवरून हात फिरवत होत्या. मी गाडीचा आरसा पुसायला लागले, दुसरं काय करणार?

चहा झाल्यावर मावशी गडाकडे बघून म्हणाल्या, पडल्यापासून रामाचं दर्शन नाही. अंगणातून रोज दिसतो, पण वर कोण नेणार? "नि गडाच्या वळणावर मलेबी गाडी लागते, तुले माहीत आहे." सासूबाई उठल्या. बहिणीला हाताला धरून गाडीपाशी आणलं आणि पुढचं दार उघडलं.

"बस. पुढं बस. समोर पाह्य, डोये मिटू नको."

"आन तू?"

"मले आता काही होत नाई."

बाकी सगळे अंगणातच थांबले आणि त्या एकट्या मागे जाऊन बसल्या. मी तोंड उघडलं तर आरशातून त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी ते मिटलं. गडाचा रस्ता वळणावळणाचा आहे. मी दुसऱ्या गिअरमध्ये, जितकं हळू शक्य होतं तितकं हळू नेलं. मावशी समोर बघत होत्या. खाली तळं दिसलं, धानाची शेतं दिसली, रस्त्याकडेची माकडं दिसली, आणि त्या लहान मुलीसारखं प्रत्येक गोष्टीकडे बोट दाखवत होत्या. मागून काहीच आवाज येत नव्हता.

वर पोचल्यावर सासूबाई आधी उतरल्या आणि गाडीच्या मागे गेल्या. मी मावशींना गुंतवून ठेवलं, पट्टा सोडवायला मुद्दाम वेळ लावला. त्या परत आल्या तेव्हा तोंड धुतलेलं होतं आणि ओठ पांढरे पडले होते.

"लागली का वं तुले?" मावशींनी विचारलं.

"नाई वं. चूळ भरून आली."

आम्ही दोघींनी मावशींना दोन्हीकडून धरून नेलं, दर्शन झालं. खाली निघताना मी पुढचं दार उघडून सासूबाईंकडे बघत उभी राहिले. त्यांनी बहिणीचा हात माझ्या हातात दिला आणि मागचं दार स्वतः उघडून आत बसल्या.