एक घमेलं मुरूम

बिल्डरने मला फसवलं आणि मी बाईंना फसवलं. पहिली गोष्ट मी भेटेल त्याला सांगत आलो. दुसरी कुणालाच सांगितली नाही.

बाई म्हणजे गास गावातल्या एका ख्रिस्ती घरातल्या निवृत्त शिक्षिका. नव्वदच्या दशकात त्यांनी घरामागची वाडी बिल्डरला दिली. बदल्यात तळमजल्यावरचे दोन फ्लॅट मिळायचे होते. वाडीच्या पूर्वेला बावखल होतं, म्हणजे केळी शिंपायला पाणी साठवायचं जुनं तळं. ते बुजवून जागा सपाट केली होती. रस्त्याकडची बाजू बिल्डरला दुकानांसाठी हवी होती, म्हणून बाईंचे फ्लॅट नेमके बावखलावर आले.

मी सेंटरिंगच्या फळ्या वाहत वर आलेला माणूस. आख्ख्या इमारतीचं माझं हे पहिलं कंत्राट. दरासाठी मी तीन दिवस भांडलो. शेवटी बिल्डर, म्हणजे आमचे शेट, म्हणाले, "फुटाला पाच रुपये वाढवून देतो. पण खोदाई कितीही खोल जावो, ह्याच दरात." मी लगेच सही केली. त्या भागात चार-पाच फुटांवर पाया टेकवण्याजोगा कठीण मुरूम लागतो, हे मला ठाऊक होतं. बावखलाचं ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय नाही. सहीच्या आधी बाईंनीच सांगितलं होतं. मला तेव्हा पाच रुपये दिसत होते.

पायाच्या बाकीच्या खड्ड्यांना मुरूम वेळेवर लागला. पूर्वेचे चार खड्डे दहा फूट गेले तरी काळा चिखलच. मुकादमाने तळाला सळई टोचली, ती हातभर आत गेली. "मालक, ह्याला बूड हाय का नाय?" तो म्हणाला. पंप दिवसभर चालू, डिझेल माझं, मजुरी माझी.

बाई रोज सकाळी छत्री टेकत यायच्या आणि त्या चारांतल्या एकाच खड्ड्यापाशी उभ्या राहायच्या, जिथं वर त्यांची झोपायची खोली येणार होती.

"लागला का रे मुरूम?"

"लागेल, बाई."

"माझ्या बापाने खणलेलं तळं आहे ते. घाई करू नको. तुला बांधून जायचंय, मला त्याच्यावर झोपायचंय."

मी शेटच्या ऑफिसात गेलो. जादा खोदाईचं वेगळं द्या, म्हणालो.

"सही कोणाची आहे?"

"सही माझी, पण बावखल तुम्ही लपवलंत!" मी टेबलावर हात आपटला. चहा करारावर सांडला.

शेटनी शांतपणे कागद पुसला. "ओरडू नको. आहे तिथं थांब. दगड भर, वर काँक्रीट टाक. पुढची बिल्डिंग तुझीच."

"आणि इंजिनियर बघायला आले तर?"

"ते इथंच बसून सही करतात. तू फक्त वहीत वेडंवाकडं काही लिहू नको."

मी वेडंवाकडं लिहिलं नाही. साइटच्या वहीत 'कठीण थर लागला' असं स्वच्छ अक्षरात लिहिलं. दुसऱ्या दिवशी बाई यायच्या आधी पश्चिमेच्या खड्ड्यातला मुरूम घमेल्यात भरला आणि त्यांच्या खड्ड्याच्या तळाला पसरला. एकच घमेलं. ते मी स्वतः डोक्यावर नेलं, कारण मजुराला सांगायची लाज वाटली.

बाईंनी वाकून पाहिलं. "शेवटी लागला म्हणायचा! मला एक ढेकूळ दे बघू." मी दिलं. त्यांनी ते रुमालात बांधलं, कपाळाला, छातीला बोट लावून क्रूस केला आणि म्हणाल्या, "आता भर."

पुढची बिल्डिंग शेटनी दुसऱ्याला दिली. "तुझं डोकं फार गरम," असं मला सांगितलं. ह्या एका वाक्यावर मी कितीतरी वर्षं धुमसत राहिलो, आणि धुमसत राहिलो की खड्डा आठवत नाही, हेही शिकलो.

सहा-सात वर्षांनी बाईंच्या भिंतीला तिरपी भेग गेली. दार लागेना, म्हणून दोनदा रंधून घेतलं, तरी अडकायचंच. सोसायटीने बाईंच्या घरीच सभा बोलावली, मलाही बोलावलं. शेट तिथं करार घेऊनच आले होते. "कठीण थरापर्यंत खोदायची जबाबदारी ह्याची," ते म्हणाले. कुणीतरी म्हणालं, पाया उकरून पाहू.

तेवढ्यात बाई उठल्या. आत जाऊन येशूच्या तसबिरीखालचा रुमाल घेऊन आल्या आणि तो माझ्यासमोर टेबलावर सोडला. "हा बघा मुरूम. माझ्या डोळ्यांदेखत लागलाय. हा माणूस भांडखोर आहे, पण त्याने चोरी केलेली नाही."

शेटनी माझ्याकडे पाहिलं आणि करार घडी करून खिशात ठेवला. पाया उकरायचं राहिलं. भेगेत सिमेंट भरलं, वर रंग दिला.

मी ते ढेकूळ पुन्हा रुमालात बांधून बाईंच्या हातात दिलं.

गेल्या महिन्यात तिथून गेलो. भेग पुन्हा दिसते, आधीपेक्षा रुंद. बाई अजून त्याच खोलीत झोपतात. पाया उघडून खालून आधार दिल्याशिवाय ते घर टिकणार नाही, आणि खरं कळल्याशिवाय कुणी पाया उघडणार नाही.

मुरूम मी टाकला. वहीत खोटं मी लिहिलं. पण शेट, 'आहे तिथं थांब' हे शब्द तुमचे होते, आणि न पाहता केलेली सही तुमच्या इंजिनियरची. रविवारी चर्चमध्ये मिस्सा आटोपून बाई घरी येतात. मी तिथं जाऊन माझं सांगणार आहे. तुम्हीही या. पाया कोण उघडणार आणि कोणाच्या खर्चाने, ते बाईंच्या तोंडावर सांगा.