गाळू नको गो

"गाळू नको गो!" म्हणत बाई बाटलीच्या तोंडावर तळहात ठेवत. रत्नागिरीच्या आमच्या कॉलेजात, रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत, हे रोजचंच होतं. बाई तिथल्या ज्येष्ठ प्राध्यापिका, मी त्यांची मदतनीस. चहा मात्र त्यांना दोनदा गाळलेला लागे. मी चिडवलं तर म्हणत, "चहातला चोथा माझ्या ओळखीचा आहे. ह्या बाटलीत काय आहे ते अजून कुणाला ठाऊक आहे?"

प्रयोगशाळेत वावरलेल्यांना आमची खोड माहीत असेल. नमुना यंत्रात सोडण्याआधी बारीक फिल्टरमधून गाळायचा, नाहीतर यंत्र तुंबतं. गाळलेलं यंत्रात, फिल्टर केराच्या टोपलीत. आम्ही सगळे डोळे मिटून हेच करत आलो होतो.

बाई खडकाला चिकटणाऱ्या शिंपल्यांचं प्रथिन काढून त्याला कृत्रिम पॉलिमरची साखळी जोडत. पाण्यात ही जोडरेणूंची मंडळी एकत्र येऊन पुंजके करतात आणि त्यातले काही फार मोठे असतात, असं त्यांचं म्हणणं. आमचं यंत्र दर वेळी फक्त छोटे दाखवी. का, ते बाईंनी ओळखलं. मोठे फिल्टरवरच अडकत होते आणि आम्ही ते रोज टोपलीत टाकत होतो.

मग त्यांनी स्वतःच एक साधन केलं. लांज्याच्या पाट्या बनवणाऱ्याकडून अॅक्रिलिकचे दोन जाड तुकडे कापून आणले. "बाई, नाव काय घालू?" त्यानं विचारलं. "नाव नको रे, नळी बसेल एवढं भोक पाड." दोन तुकड्यांमध्ये कागदाएवढी फट, तळाला बारीक छिद्रांचा पडदा, आणि आतून पाण्याचा प्रवाह. थोडं पाणी सतत पडद्यातून खाली झिरपे. त्या ओढीनं मोठे पुंजके तळाशी राहत, छोटे वर तरंगत. प्रवाह खाडीसारखाच, मध्ये वेगवान, कडेला संथ. म्हणून छोटे आधी बाहेर पडत. ते बाहेर पडले की फटीच्या तोंडाला जोडलेल्या यंत्राचं पेन कागदावर एक उंचवटा काढी, मग सपाट रेघ. मी उठायला लागले की बाई पदर खेचून बसवत. "बस गो. मोठे उशिरा येतात."

आणि ते आले. कागदावर दुसरा, रुंद उंचवटा उमटला. त्या वेळी फटीतून बाहेर पडलेले थेंब मुंबईला सूक्ष्मदर्शकाखाली गेले. फोटोत काही पुंजके गोल होते, काही काडीसारखे लांब.

हेच त्यांच्या पीएच.डी.च्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण. परीक्षक मुंबईहून आले आणि म्हणाले, "हा कचरा आहे. सगळे नमुना गाळून घेतात. हे प्रकरण काढा, पदवी घ्या."

बाई भांडल्या नाहीत. त्यांनी परीक्षकांच्या हातानंच नमुना गाळून घेतला. फिल्टर टोपलीत जाऊ दिला नाही. उलटा धरून त्यातून पाणी सोडलं आणि ते पाणी आपल्या फटीत घातलं. मोठ्यांचा उंचवटा आला.

"फिल्टरवर दाबून एकमेकांना चिकटले असतील," परीक्षक म्हणाले.

शंका रास्त होती. बाईंनी न गाळलेला नमुना सोडला. उंचवटा त्याच जागी आला. परीक्षक चष्मा खिशात घालून म्हणाले, "तरी रूढ पद्धत ती रूढ पद्धत."

"मग सर, माझं नाव काढा. प्रकरण निघणार नाही."

प्रबंध अडकला तो अडकलाच. मी एकदा म्हटलं, "बाई, आधी पदवी घ्या, मग काय ते भांडा." त्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या की मी परत तो विषय काढला नाही. त्या निवृत्त झाल्या, गुहागरला माहेरी राहायला गेल्या आणि तिथेच वारल्या. दारावरच्या पाटीवर नावाआधी 'डॉ.' लागलं नाही. मला आजही त्याचा संताप येतो. त्यांना येत नसे.

पुढे नवे विभागप्रमुख कपाटं रिकामी करायला निघाले. त्या अॅक्रिलिकच्या तुकड्यांना हात घालत म्हणाले, "हे भंगारात जाऊ दे ना?"

माझा तळहात त्यावर पडला. "नाही."

त्याच दुपारी मी ह्या नव्या साहेबांना शेजारी बसवून पाणी सुरू केलं आणि शीतकपाटात राहिलेली बाईंची बाटली काढली. गाळली नाही. आधी छोटे आले. साहेब उठायला लागले.

"बसा," मी म्हटलं.