गोकुळची गाळणी

“तुम्ही तुमच्या शब्दांत लिहा जयाबेन, मशीनला काय सांगायचं ते मी बघतो,” गोकुळ एकदा म्हणाला होता.

तेव्हा, अठ्ठ्याण्णव साली, सायली गावातल्या सूत कारखान्यात संगणकाची एकच खोली होती आणि तिच्यात गोकुळ. मूळचा शिंदखेड्याचा. घरी अहिराणी, दुकानात गुजराती, कामगारांशी हिंदी, साहेबांपुढे इंग्रजी. दिवसभर इकडचं तिकडे पोचवताना स्वतःचं बोलायचं राहूनच जाई. जेवता जेवता कोणी बोलावल्यासारखा ताटावरून उठायचा, दारापर्यंत जायचा, परत यायचा. बायको विचारी, “कोण आलंय?” कोणीच आलेलं नसे.

जया सुताचे कोन, म्हणजे सूत गुंडाळलेले शंकू, तपासायची. कुठला कोन बाजूला काढायचा याचे तिचे नियम हिशेबाच्या प्रोग्राममध्ये हवे होते. पण प्रोग्राम पर्ल या संगणकाच्या भाषेतला. म्हणून गोकुळने मधे एक छोटा प्रोग्राम लिहिला, त्याला तो गाळणी म्हणे. जयाच्या फाइलच्या माथ्यावर फक्त एक ओळ टाकायची. मग खालचा मजकूर मशीनने वाचण्याआधीच बदलून जाई. जया इंग्रजी अक्षरांत टाइप करी, ‘जर ताण जास्त, तर कोन बाजूला’, आणि मशीनला मिळे ती चोख पर्ल. तिच्या फाइलला हात लागत नसे.

एका सोमवारी प्रोग्राम अडकला. पडद्यावर चुकलेल्या ओळीचा क्रमांक आला. पुण्याहून नवे आलेले श्रीधरसाहेब जयाच्या फाइलमधल्या त्या क्रमांकावर गेले. तिथे तिने कालच घातलेला नियम होता.

“हा काय पोरखेळ चाललाय, बाई? उद्यापासून पॅकिंगला जा.”

“साहेब, ती ओळ नाही,” गोकुळ म्हणाला. गाळणी जयाच्या एका ओळीच्या तीन-तीन करी, आणि मशीन मोजे ते या वाढलेल्या ओळी. त्याने गाळून निघालेला मजकूर छापला. चूक बरीच वर होती, त्याच्याच भागाकारात: बंद पडलेल्या यंत्राचे कोन शून्य, आणि त्याने शून्यानेच भागलं होतं.

“मग ती गाळणीच काढ,” साहेब म्हणाले. “मशीन वाचतं ते ज्याला वाचता येईल त्यानेच इथं बसायचं. हिला येतं?”

ते गेले. जयाने कागद उचलला, उलटा-सुलटा पाहिला.

“हे मी लिहिलंय?”

“तुमचंच आहे.”

“गोकुळभाऊ, इतके महिने माझ्या नावानं तुम्ही काय बोलत होता, ते एकदा दाखवायचं तरी!”

गोकुळने फाइलच्या माथ्यावरची गाळणीची ओळ खोडली. मग जयाची फाइल छापून त्या कागदाशेजारी ठेवली आणि तिच्या नियमापासून त्याच्या पर्लपर्यंत पेन्सिलीने रेघ ओढली. दुसरी ओढली. तिसरी ओढायला गेला तर जयाने पेन्सिल हिसकावून पर्लमधल्या ‘if’वर टेकवली.

“थांबा हो. हे इथलं ‘जर’, नाही का?”

गोकुळ उठला, संगणकासमोरची आपली खुर्ची तिच्याकडे सरकवली आणि बाहेर पडला.